मधात कोन?

२०१२ साल. पेंटर तेव्हा पन्नास वर्षांचा होता आणि मिशी काळी करायला डब्यात उरलेला काळा ऑइलपेंट वापरायचा. कोणी हसलं की म्हणायचा, "हस गा, हस. तुमची मेंदी पंधरा दिवसांत उतरते. माही मिशी बरसातीतबी टिकते." जवळ बसला की रॉकेलचा वास यायचा. आईबापानं ठेवलेलं नाव त्याला होतं, पण ते कोणी वापरलं नाही. तो पेंटर, त्याची बायको पेंटरीण. मीही तेच लिहितो.

पेंटर जंगलाच्या आत एका टोल्यावर राहायचा. थोडी घरं, एक नाला, नाल्याच्या काठी ऐनाचं जुनं झाड. टोल्यातलं माणूस गेलं की त्या झाडाजवळच जाळायचे. त्याचा बाप तिथेच गेला, आजाही तिथेच. आमचं गाव जंगलाच्या कडेला, सडक अर्जुनीकडून आत येणाऱ्या रस्त्यावर. रस्त्याला लागून माझं घर आणि घराची एक लांब भिंत रस्त्याकडे तोंड करून. ती मी स्वतः बांधली. शाळा चौथीत सुटली माझी, पण ओळंबा धरता येतो. भिंत आजही सरळ आहे. गावातल्या शिकलेल्यांच्या भिंतींना पोटं सुटली. म्हणून कोणतंही सरकारी खातं येवो, त्याला माझीच भिंत पाहिजे असायची, आणि रंगवायला यायचा तो पेंटर. एवढीच आमची ओळख, आणि तेवढी पुरली.

"भाऊ, तुमची भिंत चांगली आहे, तोंड खराब आहे." हे तो माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पिता पिता म्हणायचा.

त्याचा मूळ धंदा नाटकाच्या पडद्यांचा. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागते. नाटकाला पडदे लागतात: राजवाडा, गरिबाची झोपडी, घनदाट जंगल. पडदा रंगवायचा एक कायदा आहे. मधली जागा फिकी सोडायची, पुरुषभर उंचीची. तिथे नट उभा राहतो. त्याच्या मागे भडक झाड काढलं तर नटाचं तोंड झाडात हरवते. म्हणून नाटकमंडळीचा माणूस आला की पेंटर आधी एकच गोष्ट विचारायचा, "मधात कोन?" मधात राजा उभा राहणार असेल तर जंगल हिरवं. डाकू असेल तर तेच जंगल काळपट. टाकून दिलेली बाई असेल तर झाडांना पानं नाहीत. "जंगल एकच राहते भाऊ. मधात कोन उभा हाय, ते पाहून रंग घ्या लागते." हे सांगताना त्याचा आवाज मोठा व्हायचा, जसं काही जंगल यानंच लावलं.

त्या २०१२ सालीच जंगलखात्याचे एक साहेब जीपगाडीतून आले. माझी भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "इथे पर्यावरण काढायचंय." मी म्हटलं, काढा. पेंटरला बोलावलं. त्यानं दोरी मारली, आखलं आणि चार दिवस खपून झाडं, तलाव, सांबर, मोर, वर दोन बगळे असं सगळं काढलं. साहेब पाहायला आले. मधात पुरुषभर उंचीची जागा कोरी.

"इथलं राहिलं ना अजून?"

"नाही साहेब, झालं. तिथं मानूस उभा राहते."

"कोणता माणूस?"

"ज्याचं हे पर्यावरण हाय तो."

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "अरे बाबा, हे नाटक नाही. तिथे वाघ काढ."

आता जागा उभी आणि वाघ आडवा. मावणार कसा? पेंटरनं दोन बिड्या ओढल्या आणि वाघाला मागच्या पायांवर बसवलं. झालं असं की वाघ दिसायला लागला भाकर मागणाऱ्या कुत्र्यासारखा. गावातल्या बाया पाणी भरायला जाताना तोंडाला पदर लावून हसत. पेंटर चिडला नाही. "मी मानसाची जागा सोडली होती," म्हणाला, "वाघानं अतिक्रमण केलं."

तिथून त्याला पर्यावरण ह्या शब्दाचं येडच लागलं. खात्याखात्याची माणसं येत, प्रत्येक जण तोच शब्द घेऊन येई, आणि प्रत्येकाला वेगळंच चित्र पाहिजे असे. शाळेच्या गुरुजींना पर्यावरण म्हणजे कौलारू घर, गाय, विहीर आणि हसणारा सूर्य. दवाखान्यातून आले त्यांना तुंबलेली नाली, तिच्यावर मच्छर आणि बाजूला खाटेवर कण्हणारा माणूस. पेंटर खूश झाला. "हे बरोबर आहे. यायनं मधात मानूस ठेवला. बिमार का असंना, पन ठेवला."

गोंदियाकडच्या एका राइस मिलच्या शेठनं त्याला कुंपणाची भिंत रंगवायला नेलं. शेठ म्हणे, "पेंटर, पर्यावरण का चित्र बनाओ, जल्दी. जाँच वाले आ रहे हैं." यानं विचारलं, बीच में कौन? शेठ म्हणाला, "बीच में कोई नहीं. पेड़ बनाओ, तोता बनाओ. और सुनो, धुआँ मत दिखाना." वरून चिमणीचा जळका भुसा उडून ओल्या रंगावर बसत होता. पोपट संध्याकाळपर्यंत कावळा झाला, असं पेंटर सांगायचा. खरं-खोटं त्यालाच माहीत. गोष्टीला रंग मारायची सवय त्याला होती.

देवरीला एका कम्प्युटर क्लासचा बोर्ड होता. तिथला पोरसवदा सर म्हणाला, बोर्डावर 'उत्तम एन्व्हायर्नमेंट' असं लिहा. पेंटरनं विचारलं, मग झाडं कोणती काढू, साग का मोह? सर हसला. म्हणाला, काका, कम्प्युटरमधलं वेगळं असते. प्रोग्राम ज्याच्या आत चालते त्याला आम्ही एन्व्हायर्नमेंट म्हणतो. पेंटर मला येऊन सांगतो, "समजलं भाऊ. तिथं मधात प्रोग्राम. त्याच्या भोवताल जे लागते, ते त्याचं. तो पोरगा आपल्या साहेबाहून हुशार निघाला, त्याले माहीत होतं मधात कोन ते." निवडणूक लागली की उमेदवाराची माणसं चुना-गेरू घेऊन यायची आणि म्हणायची, वातावरण आपल्याच बाजूनं आहे, नाव मोठं काढ. तिथे मधात कोण हे विचारायची गरज नव्हती. उमेदवाराचा फोटोच ते सोबत आणत.

मला तो शब्द कधी आवडला नाही. मी त्याला म्हणायचो, तुला कशाला पाहिजे रे नसत्या चौकशा? सांगतील ते काढ, मजुरी घे, घरी जा. तो म्हणायचा, "तुमच्यासारखं भिंत बांधून बसून राहाले मले जमत नाही."

मग त्यांच्या टोल्यावर सभा झाली. मीही गेलो होतो, कोणी बोलावलं नव्हतं तरी. एक मोठे साहेब आले होते, पडद्यावर चित्रं दाखवत होते. टोला इथून उठवायचा, बाहेर रस्त्याला नवी वस्ती देणार, राजीखुशीनं. साहेब गोड बोलणारे होते. म्हणाले, इथलं पर्यावरण वाचवायचं आहे, तुमची साथ पाहिजे. पेंटर मागे उकिडवा बसला होता. उठून उभा राहिला.

"साहेब, यात मधात कोन?"

साहेबांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा म्हणाले, "वाघ. वाघ वाचला तर सगळं वाचेल."

"बरं. मधात वाघ. मंग झाडं, पानी, सांबर त्याच्या भोवताल. आन आमी?"

साहेबांच्या बाजूला एक तरुण माणूस बसला होता, चष्म्याचा, शिकलेला. त्यानं सरळ सांगून टाकलं, "अभ्यासात त्याला जैविक दबाव म्हणतात."

टोल्यातल्या बहुतेकांना ते समजलंच नसेल. मला समजलं. माझ्या वावरात भाताच्या बांधीवर पाण्याचा दबाव येतो तेव्हा मी काय करतो, ते मला माहीत आहे. बांध फोडून पाणी काढून देतो. मी उठलो आणि पेंटरला सगळ्यांसमोर म्हणालो, "सही करू नको. एक जण अडला तर सगळे अडतील."

सही आधी पेंटरिणीनं केली. अंगठा नाही, सही. तिचं म्हणणं तिनं भर सभेत सांगितलं, "मले रस्ता पायजे. माही पोरगी साप डसून खाटेवर गेली. खाट खांद्यावर घेऊन कोस-कोस चालले हे, आन नाल्यापाशी पोरगी संपली. तुमाले झाडं पायजेत, ठेवा. मले रस्ता द्या." पेंटरनं तिच्याकडे पाहिलं आणि बोरू उचलावा तसा पेन उचलला. पण सहीच्या आधी त्यानं साहेबांना एक गोष्ट विचारली, आणि ती सगळ्यांनी ऐकली.

"साहेब, एक कबूल करा. मी मेलो की मले इथं आनू द्यायचं. त्या ऐनापाशी. बाकी काही मांगत नाही."

साहेब म्हणाले, "अहो, त्यात काय? नक्की. काही अडचण नाही."

मी तिथेच म्हटलं होतं, लिहून घे. पेंटर म्हणाला, "मेलेल्या मानसाले कोन अडवते, भाऊ?"

नव्या वस्तीत सारख्या रंगाची, सारख्या दाराची घरं. मोह नाही, नाला नाही. पेंटर म्हणायचा, "इथं मधात विजेचा खांब हाय. आमी त्याचं पर्यावरण." रस्ता मात्र मिळाला, आणि खोटं कशाला बोलू, रस्ता चांगला आहे. पेंटरीण त्या रस्त्याच्या कडेला भाजी विकायला बसू लागली. दर मोसमात पेंटर मोहफुलांच्या दिवसांत बेचैन होई. पहाटे उठून रस्त्यावर येऊन उभा राही, वास येतो का पाहत. एकदा आत गेला तर पकडला आणि दिवसभर नाक्यावर बसवून ठेवला. सुटून आला आणि मला म्हणतो, "दबाव कमी करून आलो."

पुढे काही वर्षांनी जंगलात जायच्या मोठ्या फाटकाजवळ भिंत बांधली. पर्यटकांच्या गाड्या तिथूनच आत जात. तोवर फ्लेक्स आलं होतं, पेंटरला काम उरलं नव्हतं. तरी ते काम त्याला मिळालं, कारण नव्या साहेबांना हातानं काढलेलं पाहिजे होतं. त्यानं दहा दिवस लावले. मला सायकलवर बसवून पाहायला घेऊन गेला. त्यानं टोला काढला होता. नाला, ऐन, घरं, घरांवरचे भोपळ्याचे वेल, आणि मोहाखाली वाकून फुलं वेचणारी पेंटरीण, तिच्या बाजूला एक लहान पोरगी. वाघही होता, पण दूर, पाणी पीत. या वेळी आडवा. मी त्याची तारीफ कधी केली नव्हती. त्या दिवशी म्हटलं, "हे बरं झालं."

दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी सांगितलं, हे गाव कशाला? इथे आता गाव नाही. लोक निसर्ग पाहायला येतात. आणि पेंटरनं हिरव्या रंगाचा डबा उघडून त्याच हातानं त्यावर गवत काढलं. घरांवर गवत, पेंटरिणीवर गवत, पोरीवर गवत.

मला कळलं तेव्हा मी वस्तीत जाऊन त्याच्या दारात उभा राहून बोललो. "ब्रश फेकून यायचा होता तोंडावर. पोरीवर गवत फिरवताना हात कसा नाही थांबला तुझा?"

तो खाली पाहून ब्रश धूत होता. "तुमच्याजवळ वावर हाय, भाऊ. राग आला की तुमी धुऱ्यावर जाऊन बसता. मी राग कुठं नेऊन ठेवू?"

मी त्यानंतर त्याच्याशी बोललो नाही. वर्षभर. तो मात्र यायचा. ओट्यावर बसायचा, घरातून चहा यायचा, प्यायचा, भिंतीवरच्या त्या बसलेल्या वाघाकडे पाहायचा, जायचा. लोक म्हणत, म्हातारा आडमुठा आहे. असेन. पण मी आजही म्हणतो, ते गवत त्यानं काढायला नको होतं. चूक ती चूक. माणूस आवडता होता म्हणून चूक बरोबर होत नाही.

वर्षानं त्यानंच विषय काढला. म्हणाला, "बोला नं गा आता. मी मेल्यावर कोनाशी भांडाल?" मी म्हटलं, "तुझ्याआधी मी जाईन." तो म्हणाला, "तुमाले यमबी नेत नाही, तोंडामुळं."

गेल्या फागुनात त्याच्या छातीत दुखू लागलं. रस्ता होता म्हणून गाडी लवकर आली, गोंदियाला नेलं. दुसऱ्या दिवशी परत आणलं ते झाकून. पेंटरीण रडली नाही. मला म्हणाली, "भाऊजी, ऐनापाशी न्यायचं हाय. तुमी बोला. तुमाले बोलता येते."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवून आम्ही फाटकावर गेलो. वस्तीतली सगळी माणसं मागे. नाक्यावरच्या पोरानं साहेबांना बोलावलं. हे तिसरेच साहेब, नवे, तरुण. माझं ऐकून घेतलं, पाणी विचारलं. मग म्हणाले, "काका, तो आता गाभ्याचा भाग आहे. आत असं काही करायला वरून परवानगी लागते."

"तुमच्याच साहेबांनी भरसभेत कबूल केलं होतं."

"लेखी आहे?"

"तोंडी."

"तोंडी चालत नाही, काका. मला वाईट वाटतं."

ऊन चढत होतं. मेलेल्या माणसाला किती वेळ ठेवणार? शेवटी वस्तीमागे कोरड्या ओढ्यात जाळला. आजूबाजूला एक झाड नव्हतं. लाकूडही विकत आणलं, जंगल समोर दिसत होतं तरी.

तिसऱ्या दिवशी राख गोळा केली. पेंटरिणीनं ती स्टीलच्या डब्यात भरली आणि म्हणाली, मानूस नाही नेऊ दिला, राख त नेऊ देतीन. आम्ही दोघं पुन्हा फाटकावर. साहेब तेच. या वेळी जरा कंटाळलेले.

"काका, राख टाकणंही त्यातच येतं. पर्यावरणाचा प्रश्न आहे. उद्या सगळेच आणतील."

"साहेब, उन्हाळा लागायच्या आधी तुमचीच माणसं वणवा पसरू नये म्हणून जंगलात जाळरेषा जाळतात. मैलोन् मैल. ती राख कोणत्या खात्याची?"

"ते कामाचा भाग आहे."

"हाही कामाचाच होता. हे समोरचं गवत त्यानंच काढलं."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, पण त्यांना काही समजलं नसावं. ते फोनवर बोलत आत गेले. आम्ही तिथेच उभे. तेवढ्यात तीन जिपा आल्या, उघड्या, आत टोप्या घातलेली माणसं, बाया, कॅमेरे. नाक्यावरच्या पोरानं दांडा वर केला. सलाम केला. जिपा आत गेल्या, धूळ आमच्यावर बसली.

मी पोराला विचारलं, "हे कसे गेले रे?"

"पर्यटक आहेत, दादाजी. तिकीट हाय."

"तिकीट कोणाला भेटते?"

"कोनालेबी."

मी पेंटरिणीकडे पाहिलं. ती डबा पदराखाली घेत म्हणाली, "कधी सुटते म्हनावं पहिली गाडी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडायच्या आधी, आम्ही तिकिटाच्या खिडकीवर उभे होतो. मी धुवट धोतर नेसलो होतो, पेंटरीण लग्नातलं हिरवं लुगडं. बाबूनं आधारकार्डं मागितली. तिच्या कार्डावर पत्ता अजून त्याच टोल्याचा. बाबूनं नंबर तेवढा टिपून घेतला, पत्ता वाचला नाही. जिपेत आमच्याबरोबर एक नवरा-बायको होते, शहरातले, चांगली माणसं. बाईनं पेंटरिणीच्या अंगावर आपली शाल टाकली. गाईड म्हणजे लांबच्या गावचा तरुण पोरगा. त्यानं मागे वळून सांगितलं, "मोठ्यानं बोलायचं नाही, काही फेकायचं नाही, आणि काहीही झालं तरी गाडीतून कोणी उतरायचं नाही."

"आजी, वाघ बघायला आलात?" शालवालीनं विचारलं.

"नाही बाई," पेंटरीण म्हणाली, "यायले घरी सोडाले आली."

बाईला वाटलं, ती माझ्याबद्दल बोलते. ती माझ्याकडे पाहून हसली.

नाला लागला. ऐन लांबूनच दिसला. घरांच्या जागी कमरेएवढं पिवळं गवत, त्यात हरणं उभी. गाडी हळू झाली. गाईड म्हणाला, "इथे आधी गाव होतं. आता पाहा, किती छान कुरण तयार झालं." त्या दोघांनी कॅमेरे वर केले. पेंटरीण डब्याचं झाकण काढत होती, पण झाकण घट्ट बसलं होतं, निघेना. मी डबा घेतला, झाकण दाबून फिरवलं आणि ऐनाच्या बुंध्यासमोर येताच हात बाहेर काढून तो उपडा केला. थोडी राख वाऱ्यानं माझ्या धोतरावर आली, बाकीची खाली बसली. हरणं पळाली.

गाईड ओरडला, "दादाजी! काय फेकलं?"

"काही फेकलं नाही," मी म्हणालो. "एक जण उतरला. चला आता."